टिपेची रिकामी जागा

बाबांनी सात महिन्यांत मला एकदाही बावळट म्हटलं नाही, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

पद्माकर वाजेकर म्हणजे माझे बाबा. पेणमध्ये आमचा गणपतीचा कारखाना आहे आणि तिथे चाळीस वर्षं डोळ्यांची आखणी फक्त त्यांनीच केली. अंग कुणीही रंगवावं, सोंडेवरची सोनेरी रेघ कुणीही ओढावी. डोळे मात्र शेवटी, आणि डोळे बाबांकडे. रंगून झालेल्या मूर्ती फळीवर ओळीने बसलेल्या असायच्या, डोळ्यांच्या जागी नुसतं पांढरं. बाबा शून्य नंबरचा ब्रश घेऊन एकेकीसमोर बसायचे. तेव्हा कारखान्यात कुणी शिंकलं तरी त्याची खैर नसायची. ही शिस्त घरातही आली. शाळेत मी निबंधाचं शीर्षक सगळ्यात शेवटी लिहायचे, वरची ओळ कोरी ठेवून. बाई ओरडायच्या. बाबा म्हणायचे, "बरोबर करतेस. डोळे शेवटीच."

दोन वर्षांपूर्वी, म्हणजे २०४२ साली, त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाचा कप वाजायचा, मग ब्रश. दोन हंगाम माझा धाकटा भाऊ सौरभ याने कारखाना एकट्याने ओढला. डोळे त्यानेच कसेबसे आखले, गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली आणि बाबांनी त्याला जे बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. शेवटी आम्ही स्पंदक बसवायचा ठरवला.

ते माझंच क्षेत्र. तालुक्यातल्या एका रुग्णालयात मी स्पंदक-तंत्रज्ञ आहे. स्पंदक म्हणजे मेंदूत खोलवर सोडलेली केसासारखी बारीक तार आणि गळ्याच्या हाडाखाली बसवलेली बॅटरी. तारेतून सेकंदाला शंभरेक वेळा विजेचा हलका टोला बसतो आणि थरथर पैदा करणारा बिघडलेला ताल मोडतो. जुन्या यंत्रांना एकच तार असायची. आताच्यांना दोन असतात. दुसरी तार मनाच्या चढउताराशी संबंध असलेल्या भागात जाते, कारण थरथरणारी माणसं बऱ्याचदा आतून खचतात आणि तेव्हा नुसता हात थांबवून भागत नाही. ही यंत्रं पूर्वी कंपनीच्या कुलपात असायची. नवा कायदा आल्यापासून यंत्राला आज्ञा देण्याचा हक्क रुग्णाचा झाला आहे, डॉक्टरांनी आखून दिलेल्या मर्यादेत. मग आज्ञा देणार कोण, तर ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी मी.

त्यासाठी मी एक स्क्रिप्ट लिहिली होती. नाव 'पहाट'. प्रत्येक रुग्णाच्या घरी काडेपेटीएवढी एक डबी असते आणि तिच्यात त्या रुग्णाची एक ओळ जपून ठेवलेली असते. रोज सकाळी सहाला डबी ती ओळ चालवते आणि स्पंदकाला दिवसभराचे आकडे मिळतात. ओळीत 'पहाट' या नावापुढे जे शब्द येतात त्यांना आम्ही पर्याय म्हणतो. टपरीवर आपण "एक चहा, साखर कमी" म्हणतो ना, तसंच. 'साखर कमी' हा पर्याय. साखरेबद्दल काहीच बोललो नाही तर टपरीवाला त्याच्या सवयीने घालतो, त्याला म्हणायचं डिफॉल्ट. पर्याय मी मुद्दाम मराठीत ठेवले होते, पेशंटला स्वतःची ओळ वाचता यावी म्हणून. सुरुवातीला दोन आडव्या रेघा आणि मग शब्द. '--हात' म्हणजे थरथरीवरचा जोर, '--मन' म्हणजे दुसऱ्या तारेचा जोर, '--टीप' म्हणजे नोंदवहीत जाणारा शेरा.

शस्त्रक्रियेच्या आधी बाबांनी संमतीपत्रावर स्वतःच्या थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं: हात थांबवा. मन शून्य. मी चिडका आहे, ते मी आहे.

हात थांबला. अगदी दगडासारखा स्थिर झाला. बाकीचं सगळं मी त्या आनंदाच्या खात्यात टाकलं आणि सात महिने खुशाल हिंडत राहिले.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी आम्ही चौघं जेवायला बसलो होतो. वालाचं बिरडं होतं. बिरड्यावर बाबांचा एक शेरा ठरलेला असायचा, कधी मिठावर, कधी सालांवर. त्या दिवशी ते म्हणाले, "छान झालंय." आई हसली. सौरभने पानावरचा हात थांबवला आणि जरा चाचरत विषय काढला.

"ताई, येत्या नाही, पुढच्या शुक्रवारी आखणीयंत्राच्या कंपनीचा माणूस येतोय. सह्या करायच्यात."

आखणीयंत्राबद्दल मला माहीत होतं. एक यांत्रिक हात बाबांच्या हाताची हालचाल टिपून घेणार आणि हव्या तेवढ्या मूर्तींचे डोळे आखणार. यंदा चौदाशे मूर्तींची मागणी होती आणि बाबा दिवसाला वीसच्या वर डोळे कधीच आखत नसत. सौरभचं म्हणणं मला पटतही होतं. पुढची अट मात्र मी त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकली.

"मग बाबांनी दहा वर्षं विक्रीच्या मूर्तीचे डोळे आखायचे नाहीत," सौरभ म्हणाला. "म्हणजे त्यांच्या हाताची एकच खरी प्रत राहील, यंत्रातली. तसा कंपनीचा नियम आहे."

मी बाबांकडे पाहिलं. ते भाताचं आळं करून त्यात शांतपणे बिरडं ओतत होते.

"बाबा, ऐकलंत का? दहा वर्षं."

"ऐकलं की. सौरभने वाचून दाखवलंय मला. चांगलं केलंय त्याने."

"तुम्ही डोळे आखायचे नाहीत."

"नाही तर नाही," बाबा म्हणाले. "तुम्ही म्हणाल तसं."

हा माणूस एकदा मुंबईच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाला कारखान्याच्या पायरीवरून परत पाठवून बसला होता, का तर त्याने 'डोळे जरा मोठे करा' म्हटलं. 

सोमवारी रुग्णालयात पोचल्या पोचल्या मी बाबांची नोंदवही उघडली. हात सहा, ठीक. मन चार. मी डोळे चोळून पुन्हा पाहिलं. पहिल्या दिवसापासून मन चार. त्यापुढे टिपेचा रकाना होता आणि त्यात रोज एकच शेरा, दोनशे दहा दिवस, दोनशे दहा वेळा: '--मन'.

डबीतली ओळ काढून पडद्यावर घेतली.

पहाट --हात ६ --टीप --मन ०

ओळ मीच लिहिली होती. टिपेत बाबांचं स्वतःचं वाक्य घालायचं माझ्या मनात होतं, हात थांबल्यावर कसं वाटलं ते त्यांच्याच शब्दांत. म्हणून '--टीप' लिहून पुढची जागा रिकामी ठेवली. सगळं झाल्यावर भरू. डोळे शेवटी. दुसऱ्या दिवशी विचारलं तर बाबा म्हणाले, "लिही तुला हवं ते," आणि नंतर ते माझ्या डोक्यातूनच गेलं.

आता या ओळीचं स्क्रिप्टने काय केलं ते सांगते. '--टीप' हा पर्याय पुढचा शब्द मागतो. पुढचा शब्द होता '--मन'. तो स्वतःच एक पर्याय आहे हे माणसाला दिसतं. स्क्रिप्टला दिसत नव्हतं, कारण मी तिला ते बघायला शिकवलंच नव्हतं. तिने तो शब्द शेरा म्हणून गिळला. मागे उरलं एक सुटं शून्य. सुट्या शब्दाकडे दुर्लक्ष कर, असं मीच लिहून ठेवलं होतं, कारण म्हातारी माणसं काहीबाही टाइप करतात, त्यांना लाल अक्षरं दाखवून कशाला घाबरवा. केवढा हा माझा दयाळूपणा. म्हणजे मनाबद्दल कुणी काही बोललंच नाही, असा हिशेब झाला. आणि कुणी काही बोललं नाही तर स्पंदकाच्या कंपनीने सुचवलेला डिफॉल्ट चार, तोही मीच आळसाने तसाच उचलून ठेवलेला. कुठेही काही अडलं नाही, कुठेही काही बिघडलं नाही. रोज सकाळी सहाला स्क्रिप्टने 'यशस्वी' अशी नोंद केली.

डॉक्टर अनघा शेवडे आमच्या विभागप्रमुख. त्यांना मी करारासकट सगळं सांगितलं. त्यांनी ओळ पाहिली, चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला.

"एकदम शून्यावर नेता येणार नाही, केतकी. एका वेळी एक पायरी, आणि प्रत्येक पायरीवर किमान दोन दिवस."

"उद्यापासून धरलं तर पुढच्या सोमवारी शून्य होईल. त्याच आठवड्यात शुक्रवारी सही आहे."

"तेच विचारणार होते. तुला तो करार मोडायचाय का?"

"मोडायचाय," मी म्हणाले. खोटं बोलून उपयोग नव्हता.

"मग ओळीला तू हात लावायचा नाहीस. चूक दुरुस्त करायला जुनी संमती पुरेशी आहे, ती शून्याचीच आहे. पण बदल त्यांनी स्वतः करायचा, आणि प्रत्येक पायरीला 'नको' म्हणायची मुभा त्यांना हवी. कबूल?"

कबूल केलं. पण खुर्चीवरून उठता उठता त्यातली गोम कळली. बाबा आता कशालाही हो म्हणत होते. मन कमी करायलाही ते हो म्हणतील, आणि तो हो मनाच्या त्या चाराचाच असेल. त्या होकाराला मी कोणत्या तोंडाने होकार म्हणणार होते?

संध्याकाळी पाचला घरी जाऊन आई-बाबा दोघांना समोर बसवलं आणि सगळं सांगितलं, माझी चूक लपवली नाही. बाबा शांतपणे ऐकत होते. झाल्यावर म्हणाले, "होतं गं असं कधी कधी. मनाला लावून घेऊ नको." त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

आई मात्र उठून उभी राहिली. माझी आई, वंदना वाजेकर, सहसा आवाज चढवत नाही. तेव्हाही चढवला नाही.

"तू त्या ओळीला हात लावू नकोस."

"आई, ते त्यांनी मागितलेलं नाही."

"मी मागितलं होतं. अडतीस वर्षं देवाकडे मागत होते. ह्यांच्या पावलांचा आवाज ऐकून मी ठरवायचे, आज ताट वाढताना बोलायचं की नाही. सात महिने झाले, मी स्वयंपाक करताना गुणगुणते. तुला कधी ऐकू आलं? हे मला विचारतात, चहा घेतलास का. काल आम्ही तळ्यापर्यंत चालत गेलो. चूक असेल तुझी. पण तुझ्या सगळ्या आयुष्यात माझ्यासाठी एवढं चांगलं तू दुसरं काही केलेलं नाहीस."

  मी एवढंच म्हणाले, "आई, हो म्हणतोय तो माणूस ते नाहीत."

"मग माझा हो धर."

"तुझा हो त्यांच्या डोक्यात कसा घालू?"

ती आत निघून गेली. बाबा खिडकीतून बाहेर बघत बसले होते. जरा वेळाने म्हणाले, "ती रडतेय का? बघ जरा." पूर्वी त्यांनी हे विचारलं नसतं. आणि मी ते घालवायला निघाले होते. त्या क्षणी मला माझाच राग आला, आणि तरीही माझा विचार बदलला नाही.

सोमवारचा उरलेला वेळ आणि मंगळवारची पहाट मी स्क्रिप्टवर बसले. चार गोष्टी बदलल्या. दोन रेघांनी सुरू होणारा शब्द कुणाचंही उत्तर म्हणून गिळायचा नाही. टिपेपुढे जागा रिकामी असेल तर तिथेच थांबायचं आणि विचारायचं. सुटा शब्द सापडला तर दुर्लक्ष करायचं नाही, मोठ्याने सांगायचं. आणि चौथी, जी मला पहिल्याच दिवशी सुचायला हवी होती: हाताला डिफॉल्ट असू दे, मनाला नको. मनाबद्दल काही सांगितलेलं नसेल तर कालचा आकडा तसाच ठेवायचा आणि रुग्णाला प्रश्न विचारायचा, उत्तर मिळेपर्यंत रोज. माझे मिळून एक्केचाळीस रुग्ण होते. सगळ्यांच्या नोंदवह्या तपासल्या तेव्हा टिपेच्या रकान्यात '--मन' असलेली आणखी तीन घरं सापडली. त्या आठवड्यात तिन्ही घरी मी स्वतः गेले. दोघांनी शून्य मागितलं. वडखळच्या एका आजींनी मला चहा पाजला, सगळं नीट समजून घेतलं आणि म्हणाल्या, "मला ही अशीच मी बरी वाटते गं. आता टाइप कसं करायचं ते दाखव, म्हणजे माझं मी ठरवलंय असं होईल." त्यांनी एका बोटाने 'चार' टाइप केलं. त्या घरातून मी हलक्या पायांनी बाहेर पडले.

मंगळवारी सकाळी सहाला बाबा डबीसमोर बसले. पडद्यावर प्रश्न आला: मन आता चार आहे. तीन करायचं का? नको म्हणता येईल.

"काय लिहू?" बाबांनी मला विचारलं.

"तुम्हाला हवं ते."

"तुला काय हवंय?"

"ते मी सांगणार नाही, बाबा."

त्यांनी जुनं संमतीपत्र मागून घेतलं आणि स्वतःचं अक्षर बराच वेळ बघितलं. "हा माणूस भलताच ठाम दिसतोय," म्हणाले आणि तीन टाइप केलं. आई दारात उभी होती. त्या दिवशी स्वयंपाकघरातून गुणगुणणं ऐकू आलं नाही. गुरुवारी बाबांनी दोन केलं. त्या दुपारी वर्तमानपत्र वाचताना त्यांनी पहिल्यांदा 'हं' असा जुना, नाखूश आवाज काढला आणि आईने विळीवरून मान वर केली.

शनिवारी ते डबीसमोर बसून राहिले. हात मांडीवर.

"इथेच थांबलो तर?"

माझ्या मनात हिशेब सुरू झाला. आज थांबले तर शुक्रवारपर्यंत वेळ उरतो, पण फार नाही. नुसतं "बाबा, करार" एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

"थांबा की," मी म्हणाले. "तुमचं आहे."

"आता मला थोडं थोडं कळतंय," बाबा सावकाश म्हणाले. "म्हणजे काय गेलं होतं ते. आणि वंदनाला काय मिळालं होतं तेही कळतंय. दोन्ही एकदम दिसतात इथून. खाली उतरल्यावर दुसरं दिसेल का, कुणास ठाऊक."

त्या दिवशी त्यांनी 'नको' टाइप केलं. मी निमूटपणे कामाला गेले आणि दिवसभर एकही काम धड केलं नाही. रविवारी सकाळी सहाला रुग्णालयाच्या यंत्रणेतून माझ्या फोनवर नोंद आली: मन एक. मी तिथे नव्हते, आईही झोपलेली होती. त्यांनी एकट्यानेच केलं होतं. मंगळवारी शून्य झालं.

त्या मंगळवारी नऊ वाजता मी कारखान्यात गेले तेव्हा बाबा फळीसमोर उभे होते. फळीवर हंगामासाठी तयार झालेल्या मूर्ती होत्या, डोळ्यांसकट. त्यांनी एक उचलली, मग दुसरी, मग तिसरी.

"हे डोळे कुणी आखले?"

"तुम्ही," सौरभ म्हणाला. तो पलीकडे गोणपाट गुंडाळत होता.

"मी? सगळे एकाच साच्यातले? रेघ सरळ आहे, कबूल. पण हा बघतोय कुठे? कुणाकडेच बघत नाहीये. जेवून सुस्तावलेला गणपती." मग ते माझ्याकडे वळले. चेहरा लाल झाला होता, पण हात स्थिर होता, मूर्ती जरासुद्धा हलत नव्हती. "केतकी, इतकी बावळट कशी गं तू? रिकामी जागा ठेवून विसरलीस? मूर्तीला डोळे न आखता गिऱ्हाइकाला देतो का आपण?"

मला इतकं बरं वाटलं की मी तिथेच पाटावर बसले आणि रडले.

"रडू नको," बाबा ओरडले. "सात महिने माझ्या घरात दुसराच माणूस राहिला, आणि तुम्हाला सगळ्यांना तो आवडला."

 आई चहा घेऊन आली होती, ती दारातच थांबली.

"आवडला," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू?"

बाबांनी मूर्ती फळीवर ठेवली, अगदी सांभाळून, आणि चहा न घेता बाहेर निघून गेले. बुधवारी आणि गुरुवारी ते दिवसभर कारखान्यात होते. कोऱ्या मूर्तींसमोर बसायचे, ब्रश उचलायचे, ठेवायचे. दोन दिवसांत त्यांनी चार डोळे आखले.

शुक्रवारी सकाळी कंपनीचा माणूस यायच्या आधी बाबांनी सौरभकडून कराराचे कागद मागून घेतले. चौदा पानं. चष्मा लावून, बोट ठेवून वाचली. नवव्या पानावर बोट थांबलं.

"हे मी कबूल केलं?"

"दोनदा वाचून दाखवलं, बाबा. दोन्ही वेळा हो म्हणालात." सौरभचा आवाज आधी साधा होता, मग नाही राहिला. "मी फसवलं नाही तुम्हाला. दोन वर्षं मी एकट्याने हे ढकललंय. तुम्ही शिव्या देत होतात आणि मी तुमच्यासारखे डोळे आखायला बघत होतो. मग तुम्ही बरे झालात आणि म्हणालात, सौरभ, चांगलं केलंस. आयुष्यात पहिल्यांदा म्हणालात. मी ते घरी जाऊन बायकोला सांगितलं." तो थांबला. "ते पण त्या तारेचंच होतं का? तेवढं फक्त सांगा. करार राहू दे."

 माझ्या एका रिकाम्या जागेने सौरभला काय देऊन काय काढून घेतलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

 बाबा उठले, मागच्या कपाटापर्यंत गेले आणि गेल्या हंगामातली एक उरलेली मूर्ती काढून आणली. सौरभने घडवलेली, त्यानेच डोळे आखलेली, न विकली गेलेली. तिच्यावरची धूळ त्यांनी सदऱ्याच्या टोकाने पुसली आणि खिडकीच्या उजेडात ती फिरवून फिरवून पाहिली.

"सोंडेचा वळसा चांगला आहे," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा चांगला. कान जाड झालेत. डावा डोळा चुकलाय, घाई केलीस तिथे. उजवा..." ते पुन्हा बघत राहिले. "उजवा बघतोय."

सौरभने दुसरीकडे तोंड फिरवलं.

"हे आता म्हणतोय मी," बाबा म्हणाले. "आत्ता. शून्यावर. केतकीला विचार, तिच्या वहीत असेल."

मग त्यांनी नववं पान पुन्हा समोर घेतलं. "यंत्राला हात हवाय ना? माझा मिळणार नाही. तुझा दे. लहान मूर्ती करू देत त्याला तुझ्या हाताने. पण आत्ता नाही, डावा डोळा सुधारल्यावर. दोन वर्षं लागतील. आजपासून बसायचं माझ्यासमोर, आणि मी ओरडणार, ते ऐकून घ्यायचं."

"आणि यंदाच्या चौदाशे?"

"आठशेच करू. उरलेल्यांना सांग, वाजेकरांकडे डोळे मिळतात, त्यांना वेळ लागतो."

अकराला कंपनीचा माणूस आला, चहा प्याला आणि सही न घेता गेला. सौरभने गिऱ्हाइकांना फोन करायला घेतले. तिसऱ्या फोनवर त्याचं कुणाशी तरी वाजलं, आणि त्याचा चढलेला आवाज ऐकून बाबांनी ब्रशवरून मान वर केली. अगदी त्यांचाच आवाज होता.

शनिवारी सकाळी मी घरी गेले नाही, मुद्दामच. रुग्णालयात बसून नोंदवही उघडली. नवी स्क्रिप्ट टिपेशिवाय पुढे सरकत नाही, रिकामी जागा दिसली की थांबते. सहा वाजता डबी सुरू झाली होती आणि नोंद पडली होती सहा वाजून अकरा मिनिटांनी. म्हणजे अकरा मिनिटं बाबा त्या रिकाम्या जागेसमोर बसून होते. हात सहा. मन शून्य. पुढच्या रकान्यात त्यांनी एका बोटाने टाइप केलेलं होतं:

काल सौरभवर ओरडलो. ते माझं. आज वंदनाला विचारलं, चहा घेतलास का. तेही माझंच.